खोगीर कोणाच्या मापाचें?

'खोगीरभरती' हा शब्द आपल्या भाषेंत आतां निव्वळ निंदेपुरता उरला आहे. सभेंत नुसतीं डोकीं जमविलीं, ग्रंथांत पानें वाढविलीं, फौजेंत कुचकामी शिपाई घेतले, कीं त्यांस खोगीरभरती म्हणून आपण मोकळे होतों. खोगिराच्या पोटांत हातीं लागेल तें कोंबावयाचें, तेव्हां ती भरती म्हणजे बिनकिंमतीचा माल, असा या अर्थामागील तर्क दिसतो. परंतु ज्याच्या पाठीवर तें खोगीर चढे, त्या मुक्या प्राण्यास कोणीं विचारलें असतें तर त्यानें याच्या नेमका उलट अर्थ सांगितला असता. वरचें कातडें, कलाबतू, रेशमी गोंडे हें सारें स्वारासाठीं आणि पाहणारांसाठीं. घोड्याचा संबंध काय तो आंतल्या भरतीशीं. ती सारखी असेल तर दहा कोसांची मजल सोसते. तिच्यांत एक गांठ राहिली तर दोन कोसांतच पाठ सोलवटते.

मोटारींच्या या दिवसांत घरोघर वाचावयाच्या मासिकांत खोगिराची चर्चा कशासाठीं, अशी शंका कोणी घेतील. चीनमधील हांगचौ शहरीं भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत 26 सप्टेंबर 2023 रोजीं 'ड्रेसाज' या अश्वविद्येच्या सांघिक सामन्यांत भारतास सुवर्णपदक लाभलें. अश्वारोहणांतील सुवर्णपदक पुन्हां आपल्याकडे येण्यास 1982 च्या दिल्लीच्या स्पर्धांनंतर 41 वर्षें जावीं लागलीं. अनुष अगरवाला, दिव्यकृति सिंह, हृदय छेडा आणि सुदीप्ती हजेला हे ते चौघे. त्यांपैकीं छेडा हे मुंबईचे, तर सुदीप्तीबाई आपणां मराठी माणसांस कधींच परकें न वाटलेल्या इंदूरच्या. पुढील वर्षीं, म्हणजे 2024 सालीं, पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें या विद्येंत उतरणारे पहिले भारतीय म्हणून अगरवाला यांचें नांव लागलें. तेव्हांपासून माझ्या परिचयाच्या घरांतील मुलामुलींच्या तोंडीं हा शब्द वारंवार ऐकूं येतो, आणि क्वचित् एखादे हौशी वडील घोडाही घेऊन देतात. घोडा घेतां येतो; त्याचें खोगीर घेणें त्याहून कठीण आहे, हें पुढें कळतें.

ड्रेसाज या फ्रेंच शब्दाचा अर्थ शिकवून तयार करणें एवढाच. 20 मीटर रुंद व 60 मीटर लांब अशा आंखलेल्या रिंगणांत स्वार घोड्यास नाना चालींनीं फिरवितो आणि परीक्षक प्रत्येक चालीस गुण देतात. स्वाराचा हात हलतांना दिसूं नये, पायाची खूण कळूं नये, आणि घोडा जणूं स्वतःच्याच हौसेनें नाचतो आहे असें वाटावें, ही त्यांतली खुबी. घोडा फेरणाऱ्या आपल्याकडील चाबुकस्वाराचें काम याहून फार निराळें नव्हतें. अमरकोशांत घोड्याच्या पांच गतींस 'धारा' अशी संज्ञा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या मानसोल्लासांत घोड्यांच्या विनोदासाठीं स्वतंत्र भाग खर्ची घातला आहे. तेव्हां विद्या परकी नाहीं. तिचें खोगीर मात्र परकें आहे, आणि अडचण तेथूनच सुरू होते.

नरखेड तालुक्यांत वर्धा नदीच्या बाजूस संत्र्यांची बाग असलेले माझे एक स्नेही आहेत. त्यांच्या कन्येनें पुण्यास शिकत असतांना या विद्येचे धडे घेतले. परीक्षा उत्तम रीतीनें पार पडली तेव्हां वडिलांनीं तिला घोडी घेऊन दिली. ही घोडी त्यांनीं तापीकांठच्या सारंगखेड्याच्या दत्तयात्रेंतून आणली. बाजारांत पारखण्यासाठीं बरोबर दोन वडील मंडळी होती. त्यांनीं कपाळावरचा भोंवरा पाहिला, गळ्याखालचा देवमण पाहिला, खुरांचा रंग पाहिला, दांत मोजले. सर्व लक्षणें शुभ निघालीं. पाठीची लांबी कोणीं मोजली नाहीं. पाहणाऱ्यांनीं 'आंखीव, आटोपशीर जनावर' एवढाच शेरा दिला, आणि तो खोटाही नव्हता.

आखूड पाठ हा घोड्याचा दोष नव्हे, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. जुन्या घोडेस्वारांना अशी पाठ आवडे, कारण ती ओझ्याखालीं वांकत नाहीं आणि घोडा चटकन् वळतो. ज्या घोड्यास मागले पाय पोटाखालीं घेऊन अंग आवरून चालावयाचें आहे, त्यास तर ती सोयीचीच. आपल्या भीमथडीच्या तट्टांची कीर्ति याच आटोपशीर बांध्यावर उभी होती. कर्नालच्या राष्ट्रीय पशुअनुवंश संस्थेनें या भीमथडी घोड्याची देशांतील आठवी अश्वजात म्हणून अलीकडेच नोंद केली, ही आपणां सर्वांस समाधानाची गोष्ट आहे. भोसल्यांच्या बारगिरांनीं 1742 पासून दहा वर्षें बंगालपर्यंत ज्या दौडी मारल्या, त्या कांहीं उंच विलायती घोड्यांच्या बळावर नव्हेत. परंतु पाठ आखूड असली म्हणजे तिच्यावर खोगीर ठेवावयास जागाही थोडी, एवढी साधी गोष्ट ध्यानांत येत नाहीं.

ही जागा नेमकी किती, हें ठरविणाऱ्या दोन हद्दी आहेत. पुढली हद्द खांद्याच्या फऱ्याची, म्हणजे खांद्यावरील त्या पसरट हाडाची. घोडा पुढला पाय पुढें टाकतो तेव्हां फऱ्याचें वरचें टोंक मागें सरकतें; उभ्या घोड्यावर खोगीर फऱ्यास अगदीं चिकटवून ठेवलें तर प्रत्येक पावलागणिक तें हाड खोगिराच्या लांकडी पट्टीवर आदळतें. म्हणून तेथें दोन-तीन बोटांचें अंतर हवें. मागली हद्द शेवटल्या बरगडीची. घोड्यास बहुधा बरगड्यांच्या 18 जोड्या असतात. कांहीं अरबी घोड्यांत 17 सांपडतात. या बरगड्यांच्या कमानीवर भार पेलतो. तिच्यामागें कंबर सुरू होते. कमरेच्या मणक्यांस खालून बरगड्यांचा टेंका नाहीं, आणि त्यांच्याखालींच नाजूक अवयव आहेत. तेथें भार पडला कीं घोडा पाठ खालीं दाबतो, मान वर उचलतो आणि मागले पाय फरफटत नेतो. या विद्येचा सारा खटाटोप घोड्यानें पाठ उचलून धरावी म्हणून. आणि खोगीरच ती पाठ दाबूं लागलें, तर वर्षभर शिकवूनही काय शिकवाल?

या दोन हद्दींमधील अंतर डोळ्यांनीं समजत नाहीं. लांब दिसणाऱ्या घोड्याची लांबी पुष्कळदां कमरेंत असते आणि बरगड्यांचा भाग बेताचाच निघतो. म्हणून 'माझा घोडा लांब आहे, मला ही चिंता नाहीं' असें म्हणणारानेंही एकदां हात लावून पाहावें.

आमच्या स्नेह्यांनीं मुंबईहून आणलेलें खोगीर उत्तम होतें. विलायती बनावट, कातडें मऊ, शिवण डोळ्यांत भरणारी. आसनाचें माप साडेसतरा इंच. कन्येस त्यांत बसून समाधान वाटे. गुडघ्याखालीं आधार, मांड पक्की. पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यापासून घोडी तंग आवळतांना कान मागें टाकूं लागली. तिसऱ्या महिन्यांत तिनें मोतद्दाराच्या बाहीस दांत लावले. दुडकींत ती आखडून पडे, आणि डाव्या बाजूनें दौड घ्यावयाची म्हटली कीं जागच्या जागीं अडे. घरांत दोन पक्ष झाले. एक म्हणे जनावर खोडसाळ, परत करा. दुसरा म्हणे मुलीस अजून हात बसला नाहीं. पशुवैद्यांनीं पाय तपासले, दांत तपासले, लंगडेपणा नाहीं. कन्येनें तर स्वतःलाच दोष देऊन बसणें सोडलें होतें. चांगली विद्यार्थिनी अशा वेळीं नेहमीं आपलाच दोष शोधते आणि वाईट स्वार घोड्याचा. खोगिराकडे पाहण्याची बुद्धि दोघांनाही होत नाहीं.

मी गेलों तेव्हां घोडी अर्धा तास फिरवून नुकतीच उभी केली होती. खोगीर काढलें. सगळी पाठ घामानें भिजलेली, आणि फऱ्यामागें दोन्ही बाजूंस तळहाताएवढे दोन डाग अगदीं कोरडे. नवख्यास वाटतें, कोरडें आहे म्हणजे बरें आहे. तसें नाहीं. जेथें दाब अति झाला तेथें घामाच्या ग्रंथि दबून घामच येत नाहीं. तोच दाब महिनोन्महिने राहिला तर तेथें पुढें पांढरे केंस येतात, आणि ते पुष्कळदां जन्मभर जात नाहींत. मागें, कमरेच्या सुरुवातीस, केंस उलटे घासलेले होते. मी हें सांगत असतां त्यांचा म्हातारा गडी पुढें झाला, डागावर बोट ठेवलें आणि म्हणाला, "मालक, हे त जू लागल्यावानीच दिसते."

त्या एका वाक्यानें माझें निम्मे काम झालें. विदर्भांत पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांची खांदशेकणी असते, हें या भागांतील वाचकांस सांगावयास नको. वर्षभर जुवाखालीं राबलेल्या खांद्यांस त्या दिवशीं हळद आणि लोणी किंवा तूप चोळून शेकतात. ज्या घरांत ही चाल आहे, त्या घरांतील माणसांस जू कोठें लागतें, कातडें केव्हां निबर होतें, कोणत्या बैलास कोणतें जू चालत नाहीं, हें वेगळें शिकवावें लागत नाहीं. फक्त बैल आपला आणि घोडा साहेबी, अशा समजुतीमुळें तें ज्ञान तबेल्याच्या दारांतच थबकतें. शेवटली बरगडी हातानें शोधून काढण्याचें काम मीं त्या गड्यासच सांगितलें. कुशीकडून बोटें दाबीत पुढें यावयाचें, पहिली बरगडी लागली कीं तीच शेवटली. मग तिच्या कडेकडेनें वर चढावयाचें. बरगडी सरळ उभी नसते. वर जातां जातां ती पुढें झुकते, म्हणून कण्यापाशीं ही हद्द खालच्यापेक्षां पुष्कळ पुढें निघते. बरेच लोक येथेंच फसतात. गडी फसला नाहीं. त्यानें खडूनें रेघ ओढली, मीं फऱ्यामागें दुसरी ओढली, आणि दोहोंमधील अंतर टेपानें मोजलें. साडेपंधरा इंच भरलें. मग तें विलायती खोगीर उलटें करून त्याच्या गाद्यांचा पाठीस टेंकणारा भाग मोजला. तो अठरा इंच होता.

अडीच इंचांचा हा फरक मग कोठें जाणार? खोगीर पुढें ओढलें तर फऱ्यावर, मागें सारलें तर कमरेवर. मोतद्दार बिचारा एके दिवशीं पुढें ठेवी, दुसऱ्या दिवशीं मागें, आणि घोडीस दोन्हींचा प्रसाद मिळे.

येथें खोगिराच्या मापाविषयीं एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण दुकानदार ती क्वचितच सांगतो. खोगिरावर जो सतरा, साडेसतरा असा आंकडा असतो, तो आसनाचा. पुढल्या कमानीवरील बारीक खिळ्यापासून मागल्या उंचवट्याच्या मध्यापर्यंत तो मोजतात. तो स्वाराच्या मांडीचें आणि नितंबांचें माप सांगतो; घोड्याच्या पाठीचें नव्हे. एकाच साडेसतरा आंकड्याचीं दोन खोगिरें शेजारीं ठेवलीं तर त्यांच्या खालच्या गाद्यांत दोन-अडीच इंचांचें अंतर सहज निघतें. कांहीं खोगिरांत गादीचें मागलें टोंक खालीं भरदार उतरलेलें असतें. तें दाब जास्त जागेवर पसरतें, पण जागा जास्त खातें. कांहींत तें होडीच्या नाळेप्रमाणें वर वळलेलें असतें. वर आसन मोठें असूनही खालीं पाठीस टेंकणारी लांबी कमी राहते. आखूड पाठीच्या घोड्यास दुसरा प्रकार धुंडाळावा. म्हणजे विक्रेत्यास विचारावयाचा पहिला प्रश्न 'कितीचें आसन' हा नसून 'गादी किती लांब टेंकते' हा आहे. ज्यास हें उत्तर देतां येत नाहीं, त्याच्याकडे खोगीर घेऊं नये असें माझें स्पष्ट मत आहे.

ड्रेसाजच्या खोगिरास एक गोष्ट अनुकूल आहे. उड्यांच्या खोगिरांत स्वाराचा गुडघा वांकून पुढें येतो, म्हणून आसन लांब लागतें आणि बाजूचें कातडी पाखें पुढें फऱ्यावर येतें. ड्रेसाजमध्यें पाय सरळ खालीं सोडावयाचा असतो. मांडी उभी राहते, तिला पुढेंमागें जागा कमी पुरते, आणि पाखें सरळ असल्यानें फरा मोकळा राहतो. त्यामुळें उड्यांच्या खोगिरांत साडेसतरा आसन लागणाऱ्या मुलीस येथें सतरा पुष्कळदां चालतें. आमच्या स्नेह्यांच्या कन्येनेंही सतरा इंचांत बसून पाहिलें आणि हंसत कबूल केलें कीं अडचण होत नाहीं. साडेसतरांत नुसतें ऐसपैस वाटत होतें.

लांबी साधली म्हणजे झालें असेंही नाहीं. पुढल्या कमानीची रुंदी खांद्यांमागील पाठीच्या उताराशीं जुळली पाहिजे. कमान अरुंद असली तर ती चिमट्यासारखी धरते. फार रुंद असली तर खोगीर पुढें खचून मणक्यावर बसतें. खांद्यांमधील उंचवटा व कमान यांत दोन-तीन बोटें मोकळीं हवींत, तींही स्वार बसल्यावर. दोन गाद्यांमधील पन्हळ पुढून मागपर्यंत तीन-चार बोटें रुंद असावी, म्हणजे कण्याचीं टोंकें व त्यांच्या बाजूचे बंध मोकळे राहतात. गादी मध्येंच पाठ सोडून पुढें व मागें दोनच ठिकाणीं टेंकत असेल तर तो पूल झाला. मध्येंच टेंकून दोन्ही टोंकें उचललेलीं असतील तर तो पाळणा झाला. दोन्ही त्याज्य.

आणि तंग. आखूड, गोल बांध्याच्या पुष्कळ घोड्यांत तंग बसण्याची नैसर्गिक खांच कोपराच्या अगदीं जवळ, पुढें असते. तंग नेहमीं छातीच्या सर्वांत अरुंद जागीं जाऊन बसतो, मग तुम्ही तो कोठेंही आवळा. खोगिराचे पट्टे या खांचेच्या मागें लोंबत असतील तर दहा मिनिटांत तंग पुढें सरतो आणि आपल्याबरोबर खोगीर फऱ्यावर ओढून नेतो. मग लोक दुमची घालतात, तंग आणखी आवळतात, खालीं जाड गादी घालतात. घट्ट जोड्यांत दुसरा मोजा घातल्यानें जोडा सैल होत नाहीं, हें आपण आपल्या पायांवरून जाणतों. घोड्याच्या बाबतींत मात्र बिनदिक्कत विसरतों. उपाय वेगळाच आहे: खोगिराचा पहिला पट्टा कमानीच्या अगदीं टोंकापासून निघणारा घ्यावा, म्हणजे पट्टे आपोआप खांचेवर सरळ उतरतात.

खोगीर नुसतें ठेवून कळत नाहीं, बसून पाहावें लागतें. युरोपांत आतां विजेवर चालणारी दाबमापक गादी खोगिराखालीं घालून कोठें किती भार पडतो तें पडद्यावर रंगांत दाखवितात. आपल्या खेड्यांत एक स्वच्छ पांढरें धोतर पुरतें. तें खोगिराखालीं एकपदरी घालून वीस मिनिटें तिन्ही चालींनीं फिरवावें. मळ व घाम यांचा ठसा दोन्ही बाजूंस सारखा, अखंड उमटला पाहिजे. एखादी जागा काळीकुट्ट आणि शेजारची कोरी असेल तर तें खोगीर, कितीही किंमतीचें असो, त्या पाठीसाठीं नव्हे.

नरखेडास बसून खोगीर आणावयाचें कोठून, हा प्रश्न उरतोच. इंग्लंडांतील वॉल्सॉल हें गांव खोगिरांसाठींच प्रसिद्ध. तिकडे खोगीर बसवून देणें हा स्वतंत्र, परीक्षा घेऊन मान्य केलेला धंदा आहे. आपल्याकडे 1857 नंतर इंग्रजी लष्करासाठीं कानपुरास चामड्याच्या साजाचा कारखाना निघाला आणि त्याच्या आश्रयानें तेथें कारागिरांचें मोठें पेठ वसलें. आज कानपुरी खोगिरें परदेशांत जातात, आणि त्या नांवास भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. कारागीर घोड्यापर्यंत येऊं शकत नसेल तर घोड्याची पाठ कारागिरापर्यंत पोंचवितां येते. विजेची जाड तार किंवा शिशाची पट्टी घ्यावी. ती फऱ्यामागें पाठीवर आडवी दाबून तिचा आकार कागदावर उतरावा. तसाच दुसरा मध्यें, तिसरा शेवटल्या बरगडीपाशीं. आणि चौथा कण्याला समांतर, पुढून मागें. प्रत्येकावर तारीख घालावी, कोणती बाजू डावी तें लिहावें. घोडा सपाट जमिनीवर चारी पायांवर सारखा उभा असावा व मान सरळ असावी, नाहीं तर आकार खोटा येतो. हे चार कागद आणि लांबीचा आंकडा यांवर एखादा प्रामाणिक कारागीर पुष्कळ काम करूं शकतो. आमच्या स्नेह्यांनीं तसेंच केलें. विलायती खोगीर विकून त्यांच्या हातीं जें आलें त्यांत नवें बसलें. सतरा इंच आसन, मागें वर वळलेली गादी, पाठीस टेंक सव्वापंधरा इंच, आंत लोकरीची भरती.

लोकरीच्या भरतीचा आग्रह मीं मुद्दाम धरला. हल्लीं फेसाच्या गाद्याही मिळतात; त्या दिसावयास सुबक, पण घरीं कमीजास्त करतां येत नाहींत. लोकर पहिल्या दोन-चार महिन्यांत दबते आणि मग जाणत्या माणसाकडून ती सारखी करून घ्यावी लागते. घोड्याची पाठही वर्षभर एक राहत नाहीं: पावसाळ्यांत हिरवा चारा मिळाला कीं ती भरते, काम वाढलें कीं स्नायु घडतात, वय झालें कीं खांद्यामागें खळगे पडतात. चांगल्या शिक्षणानें तर ती हमखास बदलते; अशा वेळीं कालचें बरोबर खोगीर आज अरुंद होतें, आणि घोडा पुन्हां 'खोडसाळ' ठरतो.

यापुढचा भाग थोडा नाजूक होता. आमचे स्नेही स्वतः तरुणपणीं चांगले स्वार होते आणि सकाळीं बागेभोंवतीं एक फेरी आपणही मारावी अशी त्यांची इच्छा होती. खोगीर तर आतां बसलें, मग अडचण कोणती? वर वळलेल्या आखूड गादीचें एक वैगुण्य आहे. टेंकणारी जागा कमी, म्हणून तोच भार कमी जागेवर पडतो. स्वार हलका असेल तर निभतें, जड असेल तर नाहीं. सामानासकट स्वाराचें वजन घोड्याच्या वजनाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक असूं नये, असा एक ढोबळ संकेत आहे, आणि पुष्कळ जाणते त्याहूनही कमी सांगतात. घोडीचें वजन 380 किलोच्या आंतबाहेर. कन्या 54, खोगीर-लगाम 8, मिळून 62. वडील एकटेच 91. खोगीर ऐसपैस केलें तर तें कमरेवर जाणार, आखूड ठेवलें तर टोंचणार. या हिशेबांत तिसरी वाट नव्हती. मीं आंकडे कागदावर मांडून त्यांच्यापुढें सरकविले आणि कांहीं बोललों नाहीं. त्यांनीं ते दोनदां वाचले, चष्मा काढला, आणि 'मग माझ्यासाठीं सायकल बरी' एवढेंच म्हणून तो कागद कन्येच्या वहींत ठेवून दिला. घोड्याची हौस असलेल्या माणसास हें म्हणणें सोपें नसतें. मराठ्यांच्या फौजेंत शिलेदार स्वतःचा घोडा आणी आणि बारगिरास तो सरकारांतून मिळे. पदरचा घोडा गमावला तर शिलेदाराची रोजी जाई, म्हणून तो त्यास जपे असें म्हणतात. येथें पोटाचा प्रश्न नव्हता, तरी त्यांनीं जपलें.

घोडी एका दिवसांत बदलली असें मात्र कोणी समजूं नये. दुखणें गेलें तरी दुखण्याची आठवण राहते. तीन आठवडे तिच्यावर खोगीरच घातलें नाहीं. लांब दोरीवर दोन्ही बाजूंनीं फिरवून, मान खालीं सोडावयास लावून पाठ मोकळी होऊं दिली. नंतर नवें खोगीर घालून तंग एकदम न आवळतां एक-एक भोंक चढविण्याची संवय मोतद्दारास लाविली. कान मागें टाकणें सहा आठवड्यांनीं थांबलें. डावी दौड मिळावयास चार महिने लागले, आणि ती पहिल्यांदां मिळाली त्या दिवशीं कन्येनें मला पत्रांत फक्त तेवढीच ओळ लिहिली होती.

आतां त्या वहींत दर तीन महिन्यांनीं तारेचे आकार उतरले जातात. पोळ्यानंतर घेतलेला आकार उन्हाळ्यांतल्या आकारावर ठेवून उजेडांत धरला, तों फऱ्यामागें दोन्ही बाजूंस जवळजवळ अर्धें बोट पाठ भरलेली दिसली. खोगीर भरती कमी करून घेण्यासाठीं कारागिराकडे रवाना झालें आहे. तें परत येईपर्यंत घोडी दोरीवरच फिरते आहे.